सीमाभागातील वृद्ध श्रोते

संगीताचा इतिहास म्हणजे गायकांचा इतिहास, अशी एक सर्वसाधारण समजूत रूढ आहे. घराणी, गुरुपरंपरा, बंदिशी आणि गाजलेल्या मैफली यांची हकिकत सांगून झाली की हा इतिहास पुरा झाला, असे मानले जाते. परंतु गाणे हा दोघांचा व्यवहार होय. गाणारा जितका जुना, तितकाच ऐकणाराही जुना आहे. मात्र त्याची नोंद कोणी ठेवीत नाही. त्यातही ज्याचे हातपाय थकले आहेत, ज्याला मैफलीच्या ठिकाणापर्यंत जाता येत नाही आणि ज्याच्याकडे गाणेच चालत यावे लागते, अशा वृद्ध श्रोत्याचा विचार तर फारच थोड्यांनी केला असेल. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात आज वृद्धाश्रमांतून गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात. ही अगदी अलीकडची, शहरी आणि परोपकारी स्वरूपाची गोष्ट आहे, असे वरवर पाहता वाटते. तिच्या मुळाशी मात्र या भूमीतील एक जुनी वहिवाट आहे, आणि ती वहिवाट समजून घेतली तरच या कार्यक्रमांत काय साधते व काय हरवते, याचा उलगडा होतो.

हा प्रदेश गाण्याच्या दृष्टीने मोठा भाग्यवान. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. १८८० मध्ये पुण्यात त्यांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला, तेव्हा त्यातील पदांना कीर्तन, लावणी आणि कर्नाटकी चाली या तिन्हींचा आधार होता, सीमेवर वाढलेल्या कानालाच हा मिलाफ सहज साधावा. ख्यालगायकीतील नामांकित गवई रामकृष्णबुवा वझे यांचे बेळगावात वास्तव्य होते. त्यांच्याकडे शिकलेले हार्मोनियमवादक पंडित रामभाऊ विजापुरे हे मूळचे याच जिल्ह्यातील कागवाडचे. १९१७ साली जन्मलेल्या विजापुऱ्यांनी बेळगावात राहून कित्येक पिढ्यांना पेटी शिकविली, थोरथोर गवयांची साथ केली आणि २०१० साली वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी तेथेच देह ठेवला. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ सालचा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा अवघ्या अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल तेथे स्वागतगीत गावयास होत्या.

ही झाली नामवंतांची नामावळी. परंतु सीमाभागातील वृद्ध माणसाचे गाण्याशी जे नाते होते, ते मैफलीत जुळलेले नव्हते. ते जुळले गावच्या देवळात. मैफलीला आमंत्रण लागे, प्रतिष्ठा लागे, पुष्कळदा पैसाही लागे. देवळाच्या ओसरीला यांपैकी काहीच लागत नसे. शेतीचा कारभार मुलाच्या हाती गेला, औत धरण्याचे बळ राहिले नाही, की गावातील म्हातारा माणूस हळूहळू देवळाकडे सरके. पहाटेचा काकडा, सायंकाळचा हरिपाठ, एकादशीचे रात्रभजन आणि वर्षातून एकदा होणारा अखंड हरिनाम सप्ताह या चार गोष्टींनी त्याचे उरलेले दिवस बांधले जात. तेथे तो नुसता श्रोता नसे. टाळ वाजविण्याची शक्ती असेपर्यंत तो टाळकरी असे. ती संपली की धृपद धरी. आवाज फुटेनासा झाला तरी कोणता अभंग कोणत्या चालीवर आणि कोणत्या क्रमाने घ्यावयाचा हे तोच सांगे. तरुण मृदंगी चुकला, तर मान हलवून ती चूक दाखवून देण्याचा अधिकार त्याचाच होता.

सप्ताहातील वीणेचा पहारा ही या दृष्टीने मोठी लक्षणीय प्रथा आहे. सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवावयाची नाही, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जावयाची, असा नेम असतो. हे पहारे गावकऱ्यांत वाटून दिले जातात आणि त्यांत वयोवृद्धांचा वाटा ठरलेला असतो. वीणा घेऊन उभे राहण्यास वादनाचे कसब फारसे लागत नाही. लागते ती निष्ठा. ज्या माणसाला घरात आता कोणते काम उरलेले नाही, त्याच्या गळ्यात मध्यरात्री वीणा येते आणि साऱ्या गावाचा नेम घटकाभर त्याच्या एकट्याच्या भरवशावर चालतो. वृद्धाला उपयुक्त ठरविण्याची याहून साधी आणि याहून सन्मानाची योजना क्वचितच आढळेल.

वारकरी संप्रदायाशी सीमाभागाचा संबंध किती जवळचा आहे, हे सांगण्यास एकच गोष्ट पुरेशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यास आजचे स्वरूप दिले, त्या कामी त्यांना चिकोडी तालुक्यातील अंकली येथील शितोळे सरदारांचे साहाय्य लाभले. आजही पालखीपुढे चालणारे अश्व अंकलीहूनच पायी आळंदीला जातात. राज्यांच्या सीमा बदलल्या, मुंबई इलाखा गेला, १९५६ साली हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला, तरी त्या घोड्यांची वाट बदलली नाही. या वाटेवरून दिंड्या जात, त्या वेळी जे म्हातारे गावातच राहत, त्यांचीही एक रीत होती. वारी चुकली तरी भजन चुकवावयाचे नाही, म्हणून वारीच्या दिवसांत गावच्या देवळात जे भजन होई, ते मुख्यतः या मागे राहिलेल्यांचे असे. ज्याला जाता येत नाही त्याने जागेवरून सामील व्हावे, हे तत्त्व येथे शेकडो वर्षे पाळले गेले आहे.

कानडी घरांतील परिस्थितीही निराळी नव्हती. पंढरीचा विठ्ठल हा दोन्ही भाषांचा देव. सोळाव्या शतकातील पुरंदरदासांनी आपल्या पदांतून स्वतःची मुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’ अशीच ठेवली. दासांची पदे, शरणांची वचने आणि शिशुनाळ शरीफांची तत्त्वपदे ही येथील कानडी भजनी मेळ्यांची शिदोरी. शरीफ साहेब १८१९ ते १८८९ या काळातील. जन्माने मुसलमान, गुरू ब्राह्मण, आणि गाणारे बहुसंख्य लिंगायत शेतकरी. मराठी भजनाच्या फडात एखादे कानडी पद आणि कानडी मेळ्यात एखादा तुकोबांचा अभंग येणे, यात या भागात कोणाला कधी नवल वाटले नाही. वृद्धांना तर नाहीच. कारण बाजारात एक, घरात एक आणि देवळात दोन्ही, असे दोन भाषांचे आयुष्य त्यांनी जगून काढलेले असे.

स्त्रियांचा मार्ग थोडा वेगळा होता. देवळातील भजनात त्यांना पुष्कळ काळ मागेच बसावे लागे. त्यांचे गाणे जात्यावर होते. पहाटेच्या अंधारात दळता दळता म्हटलेली ओवी ही श्रोत्यांसाठी नसे. ती स्वतःसाठी, फार तर जात्याचा दुसरा खुंटा धरणाऱ्या सोबतिणीसाठी असे. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली आणि ओव्या म्हाताऱ्या बायकांच्या स्मरणात तेवढ्या उरल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा केवढे भांडार मुकाट्याने नाहीसे होत होते, याची कल्पना जगाला आली. निपाणी ही तंबाखूची मोठी पेठ. तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळण्याच्या कामात येथील हजारो स्त्रियांचे आयुष्य गेले. त्यांपैकी ज्या आज वार्धक्यात आहेत, त्यांच्यापाशी ओव्या आहेत, डोहाळे आहेत, लग्नातील हळदीची गाणी आहेत. त्यांना गाणे ऐकवावयास जाणाऱ्याने आधी हे ध्यानात घ्यावयास हवे की, आपण मोकळ्या भांड्यात पाणी ओतावयास निघालेलो नाही.

याच प्रदेशात वृद्ध गायिकांचा आणखी एक वर्ग आहे आणि त्याचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मेला वाहिलेल्या जोगतिणी चौंडके वाजवून दारोदार देवीची गाणी म्हणत. कर्नाटक शासनाने १९८२ च्या कायद्याने मुली सोडण्याच्या या प्रथेवर बंदी घातली, ते सर्वथा योग्यच झाले. त्या प्रथेने कित्येक जणींचे जीवन उद्ध्वस्त केले होते. तथापि, ज्या बालपणीच सोडल्या गेल्या आणि गात गातच म्हाताऱ्या झाल्या, त्यांच्या कंठातील गाणी हा त्यांचा अपराध नव्हे. उतारवयात त्यांना ऐकण्यास कोणी बसावे, हीदेखील या विषयाचीच एक बाजू आहे.

देवळाची ओसरी आणि घरचे जाते या दोन्ही जागा विसाव्या शतकात हळूहळू ओस पडू लागल्या. त्याला एकच एक कारण नव्हते. प्रथम ग्रामोफोन आला आणि गाणारा समोर नसतानाही गाणे ऐकू येऊ लागले. १९५० साली धारवाडला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, १९६३ साली सांगलीला. निपाणी-बेळगावच्या घराघरांत एका बाजूने कानडी आणि दुसऱ्या बाजूने मराठी गाणे येऊ लागले. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे केंद्राने गदिमांचे व सुधीर फडके यांचे गीतरामायण आठवड्याला एक याप्रमाणे ऐकविले. त्या छप्पन्न गीतांनी म्हाताऱ्या माणसांना रेडिओपुढे हात जोडून बसविले. पुढे ते कानडीतही उतरले. अंथरुणाला खिळलेल्या, दृष्टी गेलेल्या, एकाकी पडलेल्या असंख्य वृद्धांवर आकाशवाणीचे उपकार फार मोठे आहेत आणि ते कोणीही अमान्य करू नयेत.

परंतु या उपकाराबरोबर एक गोष्ट नकळत गेली. रेडिओ गातो, पण ऐकत नाही. म्हाताऱ्याने मान हलविली काय, धृपद धरले काय, पलीकडच्या गवयाला त्याची वार्ता नसते. जो टाळकरी होता, तो निव्वळ श्रोता झाला. योगायोग असा की, भजनी मंडळाची जी मुख्य सोबतीण, त्या पेटीलाच १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर मज्जाव होता. तिच्या पट्ट्यांचे ठरीव स्वर भारतीय गायकीला मारक आहेत, असे तज्ज्ञांचे मत पडले होते. शास्त्राच्या दृष्टीने त्या मतात तथ्यांश असेलही. पण त्या तीस वर्षांत सीमाभागातील एकाही देवळातून पेटी बाहेर गेली नाही, कारण बसक्या, थकल्या आवाजांना एकत्र धरून ठेवणारे तिच्यासारखे दुसरे वाद्य खेड्यात नव्हते.

यापुढचा बदल कुटुंबाच्या रचनेत झाला. बेळगाव हे हवापाण्यासाठी नावाजलेले शहर. ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणून त्याची ख्याती होती आणि नोकरीतून निवृत्त झालेली माणसे येथे स्थायिक होत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र येथे असल्याने निवृत्त सैनिकांचीही वस्ती पुष्कळ. पुढे त्यांची मुले पुणे, मुंबई, बेंगळुरू आणि परदेशी गेली; घरे राहिली, माणसे पांगली. खेड्यांतही तीच गत झाली. २०११ च्या जनगणनेत भारतातील साठ वर्षांवरील लोकांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेल्याचे दिसून आले. त्याआधी २००७ मध्ये संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा कायदा केला आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा एक तरी आश्रम राज्य शासनाने स्थापावा, असे त्यात नमूद केले. आश्रयस्थानाची कल्पना त्याहून जुनी आहे. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले अनाथ-पंगू गृह, ज्याला आज लोक ‘निवारा’ म्हणतात, ते एकोणिसाव्या शतकातील. बेळगावजवळ बामणवाडी येथे असलेला शांताई वृद्धाश्रम हे सीमाभागातील अशा संस्थांचे सर्वपरिचित उदाहरण होय.

कायद्याने अन्न, वस्त्र, निवारा आणि औषध यांचा विचार केला. तो करावयासच हवा होता. देवळाच्या ओसरीचा विचार मात्र कोणत्याही कायद्याच्या कक्षेत येत नाही. गावातून उठून आश्रमात आलेल्या माणसाबरोबर त्याचे अंथरूण येते, औषधांची पिशवी येते, एखादी तसबीर येते. त्याचा टाळ येत नाही, आणि आला तरी त्याला साथ देणारे टाळकरी मागेच राहतात. म्हणूनच वृद्धाश्रमात गाणे घेऊन जाणारी मंडळी जे करतात, त्याला करमणूक एवढेच नाव देणे अपुरे आहे. जी जागा त्या माणसापासून सुटली, तीच ते तास-दोन तास त्याच्यापाशी आणून ठेवतात.

खाटेवर पडलेल्या माणसाला प्रत्यक्ष कानी पडणारे गाणे काय देऊ शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण याच मातीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या चरित्रात सापडते. कुमार तेव्हा वृद्ध नव्हते, ऐन तारुण्यात होते; परंतु १९४७ च्या सुमारास क्षयाने त्यांना गाठले, गाणे बंद करावे लागले आणि माळव्यातील देवास येथे जवळजवळ पाच वर्षे त्यांना अंथरुणावर काढावी लागली. गाण्यासाठीच जन्मलेल्या माणसावर केवळ ऐकण्याची पाळी आली. त्या दिवसांत खिडकीबाहेरून जाणाऱ्या भिक्षेकऱ्यांची भजने, शेजारपाजारच्या बायकांची लग्नातील गाणी, ऋतुऋतूंतील माळवी लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली. ती गाणी त्यांच्यासाठी म्हणून कोणी गायिली नव्हती. पण ती जिवंत होती, रोजची होती आणि माणसांच्या वावरातून उमटलेली होती. पुढे बरे झाल्यावर त्या धुनांतून त्यांनी ‘धुनउगम राग’ बांधले. रुग्णशय्येवरचे ऐकणे किती सर्जनशील असू शकते, याचा हा पुरावा आहे. प्रत्येक रुग्ण कुमार गंधर्व नसतो, हे उघडच आहे. तथापि, निपचित पडलेला श्रोता आतून निष्क्रिय नसतो, ही गोष्ट सर्वांनाच लागू पडते.

पाश्चात्त्य जगातही या प्रश्नाचा विचार निरनिराळ्या रीतींनी झाला. इटलीचा विख्यात संगीतकार जुझेप्पे व्हेर्दी याने उतारवयात मिलान शहरी निर्धन वृद्ध संगीतज्ञांसाठी एक विश्रामगृह बांधले. आपल्या हयातीत ते उघडू नये, अशी त्याची इच्छा होती. त्याप्रमाणे १९०१ साली त्याच्या निधनानंतर, १९०२ मध्ये तेथे पहिले रहिवासी आले. गाजलेल्या साऱ्या संगीतिकांपेक्षा ही वास्तू त्याला अधिक प्रिय होती. तेथील विशेष असा की, ऐकणारे आणि गाणारे दोन्ही एकाच छपराखाली असतात. थकलेली गायिका आपल्याच खोलीत गाते आणि शेजारचा थकलेला वादक दारात उभा राहून ऐकतो. दुसरा प्रयोग यहुदी मेन्युहिन या व्हायोलिनवादकाचा. पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून १९५२ साली हिंदुस्थानात येऊन गेलेल्या या कलावंताने १९७७ मध्ये इंग्लंडात एक संस्था काढली. तरुण, होतकरू संगीतज्ञांना योग्य तो मोबदला देऊन वृद्धाश्रमांत, इस्पितळांत आणि शाळांत वाजवावयास पाठवावे, हा तिचा उद्देश. तरुणांना श्रोता मिळतो, वृद्धांना संगीत मिळते आणि कोणी कोणावर उपकार करीत नाही, असा तो रोकडा व्यवहार आहे.

विज्ञानानेही यात भर घातली आहे. ऑलिव्हर सॅक्स या मज्जातंतुतज्ज्ञाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘म्युझिकोफिलिया’ या ग्रंथात स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांच्या अशा हकिकती दिल्या आहेत की, ज्यांना आपले नाव सांगता येत नव्हते, त्यांना जुने गाणे ऐकताच पुढचे शब्द आठवत. तारुण्यात ऐकलेली गाणी स्मरणात सर्वांत खोल रुजतात, असे अभ्यासक सांगतात. याचा अर्थ सीमाभागापुरता असा की, आज ऐंशीच्या घरात असलेल्या माणसाचे कान गीतरामायणाच्या, नाट्यपदांच्या आणि धारवाड-सांगली केंद्रांच्या काळात घडले आहेत. त्याच्या लहानपणी घरातील आजोबा जे अभंग वा दासांची पदे म्हणत, ती त्याहूनही खाली, पायाच्या दगडासारखी बसली आहेत.

कानांचा विचारही करावा लागतो. वाढत्या वयात माणसाला प्रथम वरच्या पट्टीतील नाद ऐकू येईनासे होतात. खालचे, भरदार नाद अधिक काळ टिकतात. म्हणून बारीक, चिरका ध्वनिक्षेपक त्याच्या उपयोगी पडत नाही. उलट आवाज एकदम वाढविला तर त्याला त्रासच होतो. पखवाजाची धुम, पेटीचे खर्जातील सूर आणि जवळ बसून मोकळ्या गळ्याने म्हटलेले पद त्याच्यापर्यंत नीट पोहोचते. बरोबरीने म्हणावयाचे असेल, तर गायकाने स्वतःच्या नव्हे, त्या थकल्या गळ्यांना झेपेल अशा पट्टीत गावयास हवे. देवळातील जुने बुवा हे सारे शास्त्र न शिकता जाणत होते.

या कसोटीवर आजचे पुष्कळ कार्यक्रम उणे पडतात, हे सांगितलेच पाहिजे. एखाद्या नेत्याचा वाढदिवस, एखाद्या मंडळाचा वर्धापनदिन, असे निमित्त काढून मंडळी येतात. फळे वाटली जातात, छायाचित्रे निघतात, आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या वाद्यसंगीतावर चार सिनेगीते म्हटली जातात आणि तासाभरात सारे पांगतात. हेतू चांगलाच असतो. पण यात वृद्धाच्या वाट्याला पाहुण्यासारखे बसणे तेवढे येते. तो काय ऐकू इच्छितो, हे त्याला कोणी विचारीत नाही. तो काय गाऊ शकेल, हे तर कोणाच्या ध्यानीही येत नाही. मुद्रित वाद्यसंगीत कोणासाठी थांबत नाही. म्हाताऱ्याला शब्द आठवेपर्यंत चार मात्रा थांबणे, हे समोर बसलेल्या पेटीवाल्यालाच जमते. प्रत्यक्ष गाण्याचे खरे मोल या थांबण्यात आहे.

याहून मोठी अडचण सातत्याची. भजन हे नेमाने होते, म्हणूनच त्याने आयुष्य बांधून ठेवले होते. वर्षातून एकदा झालेला मोठा जलसा संपल्यावर आश्रम अधिकच सुना वाटतो. उलट दर एकादशीला येऊन तासभर बसणारे, फारसे सुरेल नसलेले चार भजनी त्या घराला पंचांग देऊन जातात. पुढच्या एकादशीची वाट पाहणे हेदेखील वार्धक्यात काही थोडके बळ नव्हे.

राहता राहिला भाषेचा प्रश्न. सीमावादाचे राजकारण गेली कित्येक दशके चालू आहे. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, २००४ साली प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. पाट्या, शाळा, कचेऱ्या यांच्या भाषेवरून येथे तंटे झाले आणि आपल्या भाषेसाठी माणसांनी हालही सोसले. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मायबोलीत कारभार व्हावा, ही मागणी जितकी न्याय्य, तितकीच मायबोलीत गाणे कानी पडावे ही इच्छाही न्याय्य आहे. वार्धक्यात, विशेषतः स्मरण क्षीण होऊ लागल्यावर, मागाहून शिकलेली भाषा आधी सुटते आणि आईची भाषा तेवढी शेवटपर्यंत सोबत करते. म्हणून सीमाभागातील आश्रमात केवळ एकाच भाषेचे गाणे झाले, तर शेजारच्या खाटेवरील एखादा वृद्ध त्या संध्याकाळी उपाशीच राहतो. भीमसेन जोशींनी एकाच तन्मयतेने मराठी अभंगांची संतवाणी आणि कानडी दासवाणी गायिली. मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू यांची मायबोली कानडी. मराठी श्रोत्यांनी त्यांना आपलेच मानले. मोठ्यांना जे साधले, ते गावच्या भजनी मंडळाला अशक्य नाही. किंबहुना त्याच्या आजोबांनी ते सहज साधले होते. दोन अभंग आणि दोन दासपदे एवढी शिदोरी घेऊन जाणारे मंडळ त्या घरातील कोणालाही परके वाटणार नाही.

ही सारी हकिकत सांगण्याचे प्रयोजन एवढेच की, वृद्धाश्रमातील गाणे ही बाहेरून आणलेली नवलाई नव्हे. ज्याला जाता येत नाही त्याला जागेवर सामील करून घ्यावयाचे, ज्याचे हात थकले त्याच्याकडून धृपद घ्यावयाचे आणि ज्याचा गळा थकला त्याला चाल विचारावयाची, ही या भूमीची जुनी रीत आहे. घर बदलले, गाव सुटले, म्हणून ती रीत सुटण्याचे कारण नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांत आजही गावोगाव भजनी मंडळे आहेत, संगीताचे वर्ग आहेत, पेटी-तबला शिकणारी मुले आहेत. एकेका मंडळाने, एकेका वर्गाने जवळचा एकेक आश्रम आपलासा केला आणि महिन्याचा एक दिवस नेमाने तेथे दिला, तर त्याला शासनाची मंजुरी लागत नाही, की फारसा खर्चही येत नाही. जाताना मात्र चार टाळ जास्तीचे न्यावेत आणि ते तेथील रहिवाशांच्या हाती द्यावेत. सप्ताहात वीणा खाली ठेवावयाची नसते. आपल्या पाळीचा पहारा करून ज्यांनी ती पुढच्यांच्या गळ्यात घातली, त्यांच्यासमोर बसून गाणे हा त्या पुढच्यांच्या पहाऱ्याचाच एक भाग आहे.